एका रुपयाची कपात

पुना नाना इंग्रजी अमदानीत मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून आले, ते आयुष्यात कुणाशी भांडले नव्हते म्हणून. खानदेशातल्या सोनगीरपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. आसपासच्या खेड्यांत खळ्यावर रास पडली, की माप धरायला नानांना बोलावणं यायचं. त्यांच्या हाताला बरकत आहे असं लोक म्हणायचे, आणि मापात खोट नाही हे तर वैरीही कबूल करायचा. निवडणुकीच्या वेळी भागातल्या दोन बड्या घराण्यांत अशी जुंपली, की त्यांच्यातलं कुणीही उभं राहिलं असतं तर डोकी फुटली असती. शेवटी दोन्हीकडच्यांनी मिळून नानांचं नाव पुढं केलं. नाना मनातून नको नको म्हणत होते. पण नाही म्हणायलासुद्धा मोठ्यानं बोलावं लागतं, आणि तेच त्यांना जमत नव्हतं.

पहिली दोन वर्षं ते मुंबईच्या टाउन हॉलात मागच्या बाकावर बसून ऐकत राहिले. इंग्रजी न येणाऱ्या सभासदाला मराठीत बोलायची मुभा होती, तरी नानांनी तोंड उघडलं नाही. घरी आले की त्यांच्या पत्नी सुंदरबाई विचारायच्या, "बोलनात का काही?"

"नही. ऐकी उनू."

"ऐकाले मुंबईले कसाले जातस? घरमा मी काय थोडं बोलस?"

तिसऱ्या वर्षी मात्र बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्या काळी खानदेशात कॉलेज नव्हतं. पोरगा मॅट्रिक झाला, की पुण्याची गाडी धरायची. गरिबाघरच्या काही पोरांना तिथं राहण्या-जेवण्यापुरती सरकारची मदत मिळायची. त्या वर्षी सरकारनं काटकसर काढली आणि पुढच्या सालच्या अंदाजपत्रकातून ती मदत गाळली. नानांच्या गावचा सुकदेव पुण्यात दुसऱ्या वर्षाला होता. बाप नव्हता. आई झुंबरबाई लोकांच्या शेतात निंदणी-वेचणी करायची. ती एका सकाळी नानांच्या ओट्यावर येऊन बसली.

"नाना, पैसा बंद व्हई जातीन म्हणतस. खरं शे का?"

"खरं शे."

"मंग मन्हा पोर्‍या घर येई जाई. मन्हासारखा निंदाले जाई." ती रडली नाही. "तुम्ही तठे बसतस ना नाना? मंग एक डाव तोंड उघाडा."

नाना मुंबईला गेले ते हा धोंडा उरावर घेऊन. कौन्सिलात त्यांना एकच माणूस जवळचा वाटायचा, जळगावचे मोतीलाल वकील. माणूस बोलका, थट्टेखोर, पण मनानं निर्मळ. नानांनी त्यांना गाठलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, एवढे पैसे वाढवून द्या, असं उभं राहून म्हटलं तर चालेल ना?"

"तेवढं सोडून काहीही म्हणा," मोतीलाल म्हणाले. "खर्च वाढवायची मागणी फक्त सरकारला करता येते. आपल्याला कमी करा एवढंच म्हणता येतं."

"अहो, पण मला वाढवून पाहिजे."

"म्हणूनच कमी करा म्हणायचं. शिक्षणखात्याच्या मागणीत एका रुपयाची कपात करावी, अशी लेखी सूचना द्यायची. ती चर्चेला आली, की आपलं गाऱ्हाणं मांडायचं. मग मंत्री उत्तर देतात आणि आपण सूचना मागं घेतो. रुपया कुणी कापत नाही. नाना, जावई सासुरवाडीला ताट सरकवून बसतो ना? त्याला काय उपाशी राहायचं असतं? सगळ्यांनी येऊन काय झालं म्हणून विचारावं, एवढ्यासाठीच ना?"

"मी कधी रुसलो नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीच्या सणालासुद्धा नाही."

"मग सासऱ्यानं तुम्हाला फुकटात गुंडाळलं," मोतीलाल म्हणाले. त्यांनी स्वतः सूचना लिहिली, नानांची सही घेतली आणि असावी म्हणून खाली आपलीही केली.

त्यांना ठाऊक नव्हतं ते हे, की राशीसमोर उभं राहून 'कमी', 'कापा' असा शब्द नानांनी उभ्या जन्मात उच्चारला नव्हता. खळ्यावर तो उच्चारत नाहीत. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. धान्य सरलं तरी सरलं म्हणत नाहीत. लहानपणी एकदा तो नानांच्या ओठांवर नुसता आला, तर आजोबांनी सगळ्यांदेखत मुस्कटात मारली होती. तेव्हापासून ती जीभ त्या शब्दाकडं वळलीच नव्हती.

शिक्षणखात्याच्या मागणीचा शेवटचा दिवस आला. पाचाच्या ठोक्याला चर्चा बंद व्हायची आणि राहिलेलं सगळं न बोलता मताला टाकलं जायचं. नानांच्या सूचनेमागोमाग मोतीलालांची तशीच दुसरी सूचना होती. खानदेशात सरकारी कॉलेज निघावं, यासाठी जळगावकरांनी वर्षभर सभा घेऊन ती त्यांच्या हाती दिली होती.

अध्यक्षांनी नानांचं नाव पुकारलं. नाना उठले. समोर मंत्री, चिटणीस, छापील अंदाजपत्रकांचे गठ्ठे. सगळ्या इलाख्याच्या विद्येची रास.

"शिक्षणखात्याच्या मागणीत एका रुपयाची," नाना म्हणाले आणि थांबले. मग एकदम म्हणाले, "एका रुपयाची वाढ करावी."

बाकांवर हशा पिकला. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "सभासदांना वाढ सुचवता येत नाही. आपली सूचना कपातीची आहे. तसं म्हणा."

"ते माझ्या तोंडून निघणार नाही, महाराज."

"मग सूचना मांडली गेली नाही, असं धरावं लागेल."

नाना खाली बसले. त्यांना वाटलं, संपलं. झुंबरबाईच्या पोराच्या हातात आता खुरपं येणार, ते आपल्यामुळं. तेवढ्यात मोतीलाल उठले. "खाली माझी सही आहे. एका रुपयाची कपात करावी, अशी सूचना मी मांडतो. मला अधिक बोलायचं नाही. कारण माझे मित्र सांगतील." आणि वाकून कानात म्हणाले, "उठा नाना. आता तुम्हाला काही कापायचं नाही. फक्त बोला."

नाना बोलले. भाषण असं काही नव्हतं. अडखळत, मध्येच खानदेशी शब्द घालत ते म्हणाले, "आमच्याकडं कॉलेज नाही. कॉलेजांचा पैसा जिथं कॉलेज आहे तिथंच जातो. ते बरोबर आहे, मास्तरांचे पगार झाले पाहिजेत. पण आमचा शेतसारा त्याच राशीत पडतो, आणि आमच्या वाट्याला येतं ते पोराचं पुण्यातलं जेवण. तेवढंच तुम्ही काढलं. आमच्या खळ्यावर मागायला आलेल्याला आधी सूप भरून देतात, मग माप लावतात. तुम्ही आधी माप लावता आणि उरलं तर देतो म्हणता. उरत कधीच नाही." मग त्यांनी झुंबरबाईची हकिगत सांगितली. ती सांगताना घड्याळाकडं त्यांचं लक्ष राहिलं नाही. मंत्र्यांनी उत्तरात विचार करण्याचं आश्वासन दिलं, मोतीलालांनी सूचना मागं घेतली आणि पाचचा ठोका पडला. कॉलेजची सूचना न बोलताच मताला गेली.

"वकीलसाहेब, तुमचं राहिलं," नाना बाहेर आल्यावर म्हणाले.

"कॉलेज काय, कुठं पळून चाललंय?" मोतीलाल म्हणाले आणि चहाला घेऊन गेले.

नाना परत आले तेव्हा सोनगीरच्या बाजारात लोक हार घेऊन उभे. अय्युब मणियार बांगड्यांच्या दुकानात रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. त्यानं वाचलं होतं, की जळगावच्या वकिलानं शिक्षणाचा पैसा कापा म्हटलं आणि आपल्या नानांनी वाढवा म्हटलं. "अरे, तसं नाही," नाना म्हणाले, पण त्यांचा आवाज हलगीत बुडाला. झुंबरबाई तर त्या दिवसापासून निंदताना प्रत्येक ओळीला मोतीलाल वकिलाचा उद्धार करायची. तिकडं जळगावात कॉलेजवाले वकिलांवर डूख धरून बसले. नाना सगळं ऐकत होते. एक-दोघांना त्यांनी सांगून पाहिलं. "तुम्ही मोठ्या मनाचे," म्हणून लोक हसून निघून जायचे.

आषाढात धुळ्याहून बातमी आली. जी पोरं आधीच कॉलेजात होती, त्यांची मदत शिक्षण पुरं होईपर्यंत चालू राहणार होती. सुकदेव आता पुण्यातच राहणार होता. झुंबरबाई धावत आली आणि पाया पडायला वाकली. नानांनी पाय मागं घेतले.

"मन्हा पाय नको पडू. बस. आते मी सांगस ते ऐक." आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःच्या फजितीसकट.

झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली. "चला जळगावले."

मोतीलालांच्या ओट्यावर पक्षकारांची गर्दी होती. झुंबरबाईनं बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची, टोपली पुढं ठेवली. "भाऊ, मी सुकदेवनी माय. मी तुमले शिव्या दिन्यात."

"कोणत्या?"

"बठ्ठ्या. एक बी सोडी नही."

मोतीलाल खो खो हसले. ओट्यावरचा एक कॉलेजवाला पुटपुटला, "एकट्या हिनंच दिल्या नाहीत." ते ऐकून नाना उठले. कुणी नाव पुकारलं नव्हतं, कुणी कानात सांगितलं नव्हतं. "माझी जीभ अडली, म्हणून यांनी माझं काम केलं," ते म्हणाले. आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला. "तुमच्या कॉलेजचा वेळ मी खाल्ला. जाब विचारायचा तर मला विचारा. हिचं पोरगं शिकतंय ते या माणसामुळं."

त्या कॉलेजवाल्यानं सरकून नानांना जागा करून दिली. झुंबरबाई म्हणाली, "मंग यासना कॉलेजनं कोन बोलई?"

"पुढला साल मी बोलसू," नाना म्हणाले.

आणि ते बोलले. पुढच्या साली बोलले, त्याच्या पुढच्याही. नानांची मुदत संपेपर्यंत कॉलेज काही निघालं नाही. सुकदेव बी.ए. झाला आणि धुळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागला. पहिल्या सुट्टीत तो आईच्या पाया पडायला गावी आला, तेव्हा तिनं त्याला दारातच अडवलं आणि आधी जळगावला पाठवलं.