तेल पिणाऱ्या गाडीतून मेढा ते कवठे महांकाळ

आमची बारा वर्षांची पेट्रोल गाडी दर आठवड्याला अर्धा लिटर इंजिन ऑइल पिऊ लागली आणि घरात दोन पक्ष पडले. नवरा म्हणाला, विकून टाकू. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, आधी कवठ्याच्या अण्णा मिस्त्रींना दाखवू. गाडी मी चालवणार होते, त्यामुळे माझं मत कुणी विचारलंच नाही.

साताऱ्याच्या गॅरेजवाल्याने मागचा निळा धूर बघितला आणि बॉनेटला हातही न लावता निकाल दिला, "वहिनी, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागंल." खर्च ऐकून नवऱ्याने गिऱ्हाईकच शोधलं. ते रविवारी येणार होतं. आबा तेव्हा एवढंच बोलले, "दिवाळीत म्हस इकली. आता गाडी. फुडच्या दिवाळीला माझा नंबर हाय का?" नवऱ्याने रविवारपर्यंतची मुदत दिली. शुक्रवारी सकाळी सातला मी आणि आबांनी मेढा सोडलं.

आबा माजी फौजी. पहाटे उठायचं, आणि बरोबर सहाला थंड इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून, जुन्या बनियनने पुसून ऑइल बघायचं, हा त्यांचा नेम. कमी दिसलं की लगेच ओतायचं. कडक इस्त्रीच्या लेंग्यात ते शेजारी बसले होते आणि पायाशी ऑइलचा डबा होता. लोक प्रवासाला पाण्याची बाटली घेतात.

जायचं असेल तर सातारा, रहिमतपूर, पुसेसावळी, विटा, तासगाव असा रस्ता धरा. हायवेपेक्षा वेळ जास्त लागतो, पण दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढे पुढे द्राक्षांचे मांडव. मध्ये काही ठिकाणी रस्ता असा आहे की पोटातलं पाणी चांगलंच हलतं. रहिमतपूरला चहा आणि गरम भजी घेतली. मी म्हटलं, "आबा, ऑइल बघू का जरा?"

"खुळी का काय? गरम इंजिनात ऑइल बघत न्हाईत. सकाळी सा वाजता."

नेम म्हणजे नेम. गाडी धूर सोडत निघाली. मागच्या मोटारसायकलवाल्याने पुढे जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आत चूल पेटवलीय.

भूपालअण्णा हे कवठे महांकाळचे जुने मिस्त्री. फौजेतून आल्यावर आबा काही वर्षं सांगलीच्या हळदीचा ट्रक चालवायचे, तो ट्रक अण्णा दुरुस्त करायचे. अण्णांनी आधी जेवायला बसवलं. दोडक्याची भाजी, शेंगाची चटणी, भाकरी. "इंजिन गार हुंदे," म्हणाले, "तुमीबी गार व्हा."

मग गाडी सपाट फरशीवर घेतली. अण्णांनी खाली पुठ्ठा टाकून ठेवला. तासाभराने पुठ्ठा कोरडा. गळती नाही. मग एअर फिल्टरचं झाकण उघडलं, तर फिल्टर ऑइलमध्ये भिजून चिंब! अण्णांनी प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं. चारी सिलिंडर ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला.

"रिंगा झ्याक हायत," अण्णा म्हणाले. "आबा, पट्टी कशी बघतोस ते दाव बरं."

आबांनी खिशातून बनियनचा तुकडा काढला, पट्टी पुसली, घातली, काढली आणि बघतच राहिले. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं.

"घरी तर रोज कमी दिसतंय!"

"घरी गाडी कुठं लावतोस?"

"गोठ्यात. म्हस गेली, मोकळाच हुता."

अण्णा फरशीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आरं गड्या, गोठ्याला उतार अस्तोय! मुताला वाट पाहिजे म्हणून फरशी उतरती करत्यात. गाडी तिरकी, ऑइल मागं जातंय, पट्टीला कमी लागतंय. तू वतत ऱ्हातोस. जास्तीचं ऑइल फेसाळून नळीनं फिल्टरात जातंय आन् जळतंय. गाडी तेल पीत न्हाई रं. तू पाजतोस!"

मी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. पण आबांचा चेहरा बघितला आणि हसू जिरलं. ते हळूच म्हणाले, "सकाळी सा वाजता कुणाचं तरी काय तरी बघायची सवय हाय, अण्णा. म्हस हुती तवा तिचं बघायचो."

अण्णा उठले. मग त्यांनी दीड लिटर ऑइल काढलं, नळी धुतली, प्लग पुसले, नवा फिल्टर बसवला. पैसे फक्त फिल्टरचे घेतले. अण्णा जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत पुन्हा जेवण. त्या पंगतीत दोघं म्हातारे बराच वेळ काहीतरी कुजबुजत होते.

रात्री मुक्काम केला आणि सकाळी सहाला आबांनी सपाट फरशीवर पट्टी बघितली. बरोबर खुणेवर. येताना सांगलीला भडंग घेतलं आणि आष्टा, पेठ नाका करत हायवेने परतलो. आरशात धूर शोधून शोधून माझी मान दुखली, धूर काही दिसला नाही.

तुमचीही गाडी तेल पीत असेल तर इंजिन खोलण्याआधी एवढं करा. सपाट जागा, गार इंजिन, खाली पुठ्ठा, आणि एअर फिल्टरवर एक नजर.

रविवारचं गिऱ्हाईक नवऱ्याने परत पाठवलं. गाडी आता अंगणात सपाट जागेवर असते. पट्टी दर रविवारी मी बघते. नवरा म्हणाला, गोठ्याची फरशी सपाट करून घेऊ, गाडीला सावली होईल. आबा म्हणाले, "उतार ऱ्हाऊ दे." त्या पंगतीत काय शिजलं होतं ते मला तेव्हा कळलं. चार दिवसांनी कवठ्याहून टेम्पो आला आणि त्यातून अण्णांच्या भाच्याची म्हैस उतरली.

नवरा म्हशीच्या पेंडीचा भाव बघून म्हणतो, ऑइल स्वस्त पडत होतं. सहा वाजले की गोठ्यातून आबांचा आवाज येतो, "व्हय गं बाई, आलो, आलो." दिवाळीनंतर आज पहिल्यांदा आमच्या चहात घरचं दूध आहे.