झटकामावशींचं मनगट

भरल्या खोलीत तुम्हाला काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला, तर तुम्ही काय कराल? झटकामावशी हसल्या होत्या. तेच मला अजून सहन होत नाही.

मावशी एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला. ओली चादर इस्त्रीच्या रुळाखाली घालण्याआधी ताणावी लागते. दोन टोकं एकीच्या मुठीत, दोन दुसरीच्या, आणि दोघींनी मागे झुकून एकदम झटका. मावशींच्या झटक्यानं समोरची बाई पुढे खेचली जायची, म्हणून हे नाव. समोर कायम त्यांची धाकटी जाऊ. तिचं तोंड हातांपेक्षा जोरात चालायचं. नवऱ्यानं कधी ओढून धरलं नाही इतकं ताई धरतात, असं ती येईल त्याला सांगायची.

साठीनंतर मावशींचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वजन थोडं उतरवा, सावकाश. ‘सावकाश’ हा शब्द दवाखान्यातच राहिला. धुलाईघराशेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर वजन उतरवायचा क्लब होता. तिथली बाई आधी पावडर विकायची. विकता विकता ती ‘कोच’ झाली.

मीही त्याच धुलाईघरातली, मावशींना सोबत म्हणून वर जायचे. त्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात बसलाय. नकली व्हॅनिला, घाम आणि फरशी पुसायचं औषध. दर आठवड्याला वजनं. आकडा उतरला की टाळ्या, चढला की सगळ्यांनी मिळून ‘अरेरे’. ज्या बायकांनी अख्खी घरं ओढली, त्या तिथे चपला काढून, कानातलं काढून, श्वास रोखून उभ्या. शिसारी येते.

रात्रीचं जेवण बंद, त्याच्या जागी पावडर. दूध बंद, अंडं बंद, डाळही मोजून. मग हाडांचं काय, असं एकीनं विचारलं, तेव्हा कोचनं प्रत्येकीच्या तळहातावर व्हिटॅमिन डीची गोळी ठेवली. ही घेतली की हाडांची काळजी मिटली, म्हणाली. बायकांनी तेवढंच घट्ट धरलं. मावशी सकाळी रिकाम्या पोटी गोळी गिळायच्या आणि दिवसभर उपाशी राहायचा परवाना मिळाल्यासारख्या वावरायच्या. जावेनं डब्यातलं उकडलेलं अंडं पुढे केलं की म्हणायच्या, माझी गोळी झालीय.

वजन भराभर उतरलं. गालफडं बसली, घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायला लागलं. मुलानं कौतुक केलं, सुनेनं केलं, मुकादमानंही केलं. एकटी जाऊ म्हणाली, “ताई, झटक्यात दम नाही राहिला. समोर माणूस आहे का दोरीवर झगा वाळत घातलाय?”

मावशींना ते झोंबलं. पुढच्याच चादरीला त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. पण मुठीतच ताकद नव्हती. टोकं सुटली, मावशी मागे बसल्या आणि उजवा हात जमिनीवर टेकला. एवढंच. जिना नाही, उंची नाही, आणि मनगट मोडलं.

हाडांच्या डॉक्टरनं तपासण्या केल्या. हाडं विरळ झाली होती. या वयात घाईनं वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायू जातात आणि हाडंही झिजतात, असं त्यानं समजावलं. डाळ, दूध, अंडी खा, हात बरा झाला की ताकदीचे व्यायाम करा. पुढच्या वेळी पडलात तर खुबा जाईल. मावशींनी विचारलं, मग गोळी खोटी होती का? तो म्हणाला, “खोटी नाही. अंगात कमी असेल तर घ्यायलाच हवी, तीही जेवणासोबत. पण गोळी म्हणजे जेवण नव्हे, मावशी.”

इथवर सगळं कसंबसं गिळलं असतं. पण क्लबच्या जिन्यात मावशींचा मोठा फोटो लागला होता. आधीच्या जाड, नंतरच्या बारीक, खांद्यावरून चमचमता पट्टा. तो बघून धुलाईघरातल्या बायका क्लबात नाव घालायला लागल्या. मावशींची विहीणही घालून आली. ती तर वयानं त्यांच्याहून मोठी.

प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून मावशी वर गेल्या. मी सोबत होते. फोटो काढा, एवढंच त्या म्हणाल्या. कोच गोड हसली. “अहो, फोटोत हात कुठे मोडलेला दिसतोय?”

“दिसत नाही, म्हणूनच काढा.”

कोचनं पावडरीचा एक डबा पुढे केला. फुकट, लवकर बऱ्या व्हा म्हणून. मोडलेल्या हाताच्या बाईला! मावशी डबा न घेताच जिना उतरल्या.

फोटो अजून तिथेच आहे. म्हणून वजनांच्या दिवशी मावशी त्याच्याखाली प्लास्टर दिसेल अशा उभ्या राहतात. विहीणबाई पहिल्याच दिवशी त्यांना बघून माघारी फिरल्या. बाकीच्या नजर चुकवून वर जातात, आणि मावशींना फार वेळ उभं राहवत नाही. तुम्ही या. त्यांना एक खुर्ची आणून द्या, शेजारी उभे राहा, आणि वर चढणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून विचारा, काल रात्री काय जेवलात.