आत्याची जर्मनीतली मावशी

या जगात परकं माणूस नावाचा काही प्रकार असतो, यावर माझ्या आत्याचा आजतागायत विश्वास बसलेला नाही. लोहगडवाडीत, गडाच्या पायथ्याशी तिची पिठलं-भाकरीची टपरी आहे. समोरून जाणारा प्रत्येक जण खरं तर आपल्याच घरी यायला निघाला होता, वाटेत चुकून गड आडवा आला, अशा समजुतीनं ती त्याला हाक मारते. भर उन्हात पाण्याविना गड चढायला निघालेल्या एका दांडग्या तरुणाच्या पाठीवरची सॅक तिनं काढून घेतली आणि सरबताचा पेला रिकामा होईपर्यंत परत दिली नाही. परदेशी पाहुणा आला तरी ती मराठीच बोलते, फक्त सावकाश आणि दुप्पट आवाजात. “अगं, त्यांना कळत नाही,” असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, “कळत न्हाई तर हसत्यात कशापायी?”

मी शिकायला जर्मनीला निघाले, तेव्हा आमच्या कामशेतच्या घरी तिनं तळच ठोकला. इंद्रायणी तांदूळ, लसणीची चटणी, पिठल्याचं पीठ एवढ्यावर भागलं असतं. पण तिनं गड चढायची वेताची काठीही आणली होती. “बर्फात घसरलीस मंजी?” काठी बॅगेत मावेना, तेव्हा ती करवत शोधायला उठली. बाबांनी हात जोडले म्हणून काठी वाचली.

तिकडे मी एका लहान गावात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली होती. पुण्याच्या क्लासात शिकलेली जर्मन भाषा त्या गावात कुणीच बोलत नव्हतं. दिवसच्या दिवस कुणाशी धड वाक्य बोलायला मिळेना. त्यात एका रविवारी मी पिठल्याला फोडणी घातली आणि धूर झाला की वाजणारा छतावरचा भोंगा असा किंचाळला की शेजारी खिडक्या उघडून बघू लागले. घरमालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बरंच काही बोलल्या. मला त्यातलं ‘नको’ तेवढं कळलं. खोलीत जाऊन मी रडले आणि परत जायचं ठरवून टाकलं. आईला सांगितलं असतं तर ती माझ्याहून जास्त रडली असती, म्हणून आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

“आत्या, मी येते परत. फोडणीचा धूर झाला, घरमालकीणबाई माझ्यावर ओरडल्या.”

तिनं समजूत घातली नाही. “म्हातारी घरात एकलीच असती?”

“हो.”

“मग फोन तिच्याकडं दे.”

माझा नाइलाज झाला. आत्या फोनमधून गडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मावशी, पोरीची चूक झाली. पर तुमी जेवलात का?” आणि हाताचा घास करून तोंडाकडे नेला. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं, आत्यानं “व्हय व्हय” म्हटलं, आणि दोघी आपापल्या भाषेत अशा सुरू झाल्या की मी मध्ये नुसती फोनचा स्टँड होऊन उभी. शेवटी बाईंनी खिडकी उघडली, कपाटातून दोन ताटल्या काढल्या आणि टेबलाशी येऊन बसल्या. पिठल्याच्या पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं. पण ताटली त्यांनी पुसून घेतली.

परत जायचं त्या दिवसानंतर राहूनच गेलं. पुढं रविवार आला की बाई माझ्या फोनकडे बोट दाखवायच्या. आत्या फोन बिस्किटांच्या बरणीला टेकवून गिऱ्हाइकांना सांगायची, “ह्या आमच्या जर्मनीच्या मावशी.” त्यांनी अंगणातला बर्फ दाखवला, तेव्हा आत्याचा जीव कळवळला, “अगं बया, ह्यात भात कुटं लावायचा?”

शिक्षण संपलं, मी दुसऱ्या शहरात नोकरीला लागले आणि रविवारचे फोन थांबले. यंदा सुट्टीत टपरीवर गेले, तेव्हा आत्यानं आधी मावशींची चौकशी केली. मी जपून सांगितलं की त्या गेल्या थंडीत वारल्या, झोपेतच. चुलीवरची भाकरी करपली तरी आत्याला कळलं नाही.

“एवढं बोललो,” करपलेली भाकरी बाजूला काढत ती म्हणाली, “पर नाव इचारायचंच ऱ्हायलं बघ.”

मी नाव सांगितलं. तिनं ते हळूहळू, दोन-तीनदा जिभेवर घोळवून पाहिलं. जमलं नाही.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “मावशीच बरं हुतं.”