मार्व्हेलची दोन मिनिटं

मार्व्हेल बोझमन ही शाळेची बस चालवते. एकोणचाळीस पोरं, तीन कच्चे रस्ते, आणि तिचा आवाज असा की एका हाकेत खिडकीबाहेर गेलेला हात आत येतो. माझी मावसबहीण, वय चोवीस. आम्ही दोघंही अलाबामातल्या या लहान गावातले काळे, आणि दोघंही समलिंगी. ती टेरिकाबरोबर संसार करते. मी केस कापायचं दुकान चालवतो आणि अजून बरा पोरगा शोधतोय. गावाला सगळं ठाऊक आहे. फक्त चर्चमध्ये त्याचा उच्चार करायचा नाही, एवढीच अट.

गेल्या वर्षी इथल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. आता जवळचा म्हणजे सत्तर मैलांवर. हिवाळ्यात एका बाईचं मूल त्याच रस्त्याच्या कडेला जन्मलं, आणि जगलं नाही. टेरिकाला सातवा महिना लागला होता. सुईण मिस लिओना आपल्या घरात प्रसूतिघर काढायला तयार होत्या, पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पाच सदस्यांच्या मंडळाची परवानगी हवी होती. ती नाही मिळाली, तर टेरिकाच्या वाट्याला तोच रस्ता.

म्हणून आम्ही सहा जण दर सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा, तिथं जमायला लागलो. सगळे काळे, सगळे वेगळ्या वाटेचे, आणि तोंडाळ. आमचं म्हणणं सोपं होतं: मूल हवं तेव्हा व्हावं, नको तेव्हा कुणी लादू नये, आणि झालेलं सुखरूप वाढावं. चर्चच्या बायकांना यातलं मधलं खुपत होतं, आणि आम्ही तर सगळेच. मदर ऑझेल क्रम्प्टन या तिथल्या सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळ्यांच्या 'मदर'. त्यांची भुवई वर गेली की पाद्रीसुद्धा प्रवचन आवरतं घेतो. परवानगीसाठीच्या सभेला येऊ, पण नुसतं ऐकायला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पाचातले दोन सदस्य त्यांच्याच चर्चचे. त्या गप्प, तर ते दोघं कशाला हात वर करतात?

सभेत बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं. मार्व्हेलनं भाषण बारा वेळा घोकलं होतं आणि मी घड्याळ लावून ऐकलं होतं. एक मिनिट पन्नास सेकंद. मी निर्धास्त होतो, तिथंच फसलो.

ती माईकपुढं उभी राहिली, तर पहिल्या रांगेत अख्खं चर्च. आमच्यात चर्चच्या माणसांपुढं बोलायचं तर आधी मान द्यायचा, हे पाच वर्षांच्या पोरालाही शिकवलेलं असतं. भाषण राहिलं बाजूला, तिच्या तोंडून निघालं, "सर्वप्रथम देवाला मान, आमच्या पाद्रींना मान..." प्रत्येक नावाला रांगेतून "आमेन" येत होतं. चर्चचा कारभार बघणारे डीकन झाले, गाणारे झाले, दाराशी स्वागत करणाऱ्या बायका झाल्या. मी गळ्यावरून बोट फिरवून खुणावत होतो, पण बाई काही थांबेना. पावणेदोन मिनिटं झाली.

या यादीत सगळ्यांत शेवटी नवऱ्याला किंवा बायकोला मान देतात.

"आणि मान माझ्या बायकोला," मार्व्हेल म्हणाली, "टेरिकाला. आमचं बाळ पोटात घेऊन ती इथं बसली आहे."

"आमेन," अख्खी रांग म्हणाली, सवयीनं. मग आपण कशाला आमेन म्हणालो ते एकेकीच्या ध्यानात आलं. एकीनं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात घंटा झाली.

अध्यक्षांनी तिला खाली बसायला सांगितलं. प्रसूतिघराबद्दल चकार शब्द निघाला नव्हता. "मी माती केली गं," ती टेरिकाला म्हणाली. मला तिला चांगलं सुनावायचं होतं, पण तिचं तोंड बघून गिळलं.

तेवढ्यात मदर ऑझेल उठल्या. त्यांनी बोलायला नाव दिलं नव्हतं, पण शहाऐंशी वर्षांच्या बाईला अडवायची कुणाची छाती? काठी टेकत त्या माईकपाशी गेल्या.

"मी आत्ता आमेन म्हणाले," त्या म्हणाल्या. "म्हणालेलं आमेन मी परत घेत नसते."

विषयावर काही बोलायचं आहे का, असं अध्यक्षांनी बिचकत विचारलं.

"विषयच सांगतेय, बाळा. माझी सहाही बाळंतपणं सुईणीच्या हातची. तेव्हा दवाखाना होता, पण आम्हा काळ्यांना दारात उभं करत नव्हता. आता तर बाळंतपणाला दवाखानाच नाही. मग हिच्या बायकोनं जायचं कुठं?"

हिच्या बायकोनं! मला रडू फुटलं, आणि ते सांगायची मला लाज नाही.

मतदान झालं. चार विरुद्ध एक, प्रसूतिघर मंजूर. चर्चचे ते दोघं एकमेकांकडे न बघता हात वर करून बसले होते.

बाहेर गाड्यांपाशी मदर ऑझेलनी मार्व्हेलला गाठलं. "मला तुमचं सगळं पटलंय असं समजू नका," त्या म्हणाल्या. मग टेरिकाच्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "रविवारी दोघी चर्चला या. बाक फार कडक आहेत, हिच्या पाठीला मी उशी आणते."