खालची डावी दाढ

शनिवार, १४ जून. गोव्यातल्या पेडण्याच्या दंतवैद्य बाईंनी सांगितलेली रक्कम साडेसहा हजार. हजर माणसे तीन: मी, पाच वर्षांची माझी मुलगी आणि जवळच्या चोपड्याहून सोबतीला आलेली माझी थोरली बहीण.

मुलीची खालची डावी दाढ दोन आठवडे ठणकत होती. हिरडी सुजली तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. एक्स-रे पाहून बाई म्हणाल्या, "कीड आतल्या नसेपर्यंत गेलीय. नस काढून, आत औषध भरून वर स्टीलची टोपी बसवावी लागेल. दोन खेपा."

"दुधाचो दात तो," बहीण म्हणाली. "पडतलोच मा? साडेसहा हजार कित्याक?"

"ही दाढ मुलगी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत राहायला हवी. आत्ता काढली तर शेजारची सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही."

मी अडीच हजार आगाऊ दिले.

मग बाईंनी विचारले, "रात्री झोपताना काय खाते?"

मी खरे ते सांगितले. मुलीची आई मस्कतला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. जानेवारीत परत जाताना तिने बिस्किटांच्या डब्यात तीनशे टॉफ्या मोजून भरल्या. रोज एक, डबा रिकामा होईल त्या दिवशी आई येणार. मुलीचे दात मी साडेआठला घासून घेत असे, एक दिवस चुकवला नाही. साडेनऊला आईची ड्युटी संपे, फोन येई. मुलगी टॉफी आईला दाखवून तोंडात टाकी आणि चघळत झोपी जाई. दात पुन्हा घासावेत हे मला सुचले नाही. डब्यात आता एकशे एकेचाळीस उरल्या होत्या. तो आकडा मला रोज पाठ असे. मुलगी मोजायची ते मोठ्याने, मी मनात.

"म्हणजे घासून, पुसून, वर साखर लावून झोपयलंस," बहीण म्हणाली. "शाबास रे तुजी!"

बाई हसल्या नाहीत. कीड आधीपासून थोडी असेल, पण हे बंद केले नाही तर बाकीच्या दाढाही याच वाटेने जातील, म्हणाल्या.

त्या रात्री मुलीने डबा पोटाशी धरला. "आज खाल्लंय नाय तर आईचो एक दिस कमी कसो होतलो?"

मी कॅलेंडर दाखवले, फुली मारून दाखवली. तिने मान फिरवली. कॅलेंडर माझे होते, डबा आईने दिलेला. फोनवर मी तिच्या आईला सगळे सांगितले. ती मुलीला म्हणाली, "खाव नको गो. रोज एक काढून न्हयत टाक. टाकलेलीय मोजतत."

रविवारपासून संध्याकाळी आम्ही नदीवर जाऊ लागलो. मुलगी कागद काढून खिशात ठेवी आणि टॉफी पाण्यात टाकी.

"आईकडे पोचतली?"

"नाय. विरघळतली."

तिला ते चालले. मला त्या पाण्याकडे पाहत उभे राहायचे असे. नदी तिथून पुढे समुद्राला मिळते.

दुसरी खेप पुढच्या शनिवारी. नस पहिल्याच खेपेला काढून झाली होती, आता टोपी बसवायची होती. मुलगी तोंड उघडेना. आईशी बोलायचे म्हणाली. मस्कतला आई जेवणाच्या सुट्टीत होती. मी व्हिडिओ कॉल लावून फोन खुर्चीतल्या मुलीसमोर धरला.

"आ कर. आणखी मोठो. शाबास, माजी बाय ती."

दुसऱ्यांच्या पोरांचे हात धरण्यात जिचा दिवस जातो, तिला आपल्या पोरीचे उघडे तोंड तळहाताएवढ्या पडद्यावर दिसत होते. टोपी बसली. मुलीने चकाकणारी दाढ कॅमेऱ्यापुढे नेली. "आई, दिसता?"

"दिसता गो," ती म्हणाली आणि फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पडद्यावर नुसते छत दिसत राहिले. परत आली तेव्हा ती माझ्याशी बोलली.

"उरलेले पैसे तू देव नको. इतक्या तरी माज्या हातान होव दे."

मी वाद घातला नाही. बाईंचा नंबर पाठवला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत उरलेले चार हजार तिच्या खात्यातून थेट डॉक्टर बाईंना पोचले होते.