जगनची एन्ट्री

गागोदे बुद्रुकच्या हनुमान जयंतीच्या नाटकाला जगन अठरा वर्षं प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसून त्यानं सगळ्यांची वाक्यं सांगितली, पण स्वतःच्या तोंडचं म्हणून एकही वाक्य कधी बोलला नव्हता. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डावा पाय बारीक राहिलेला. हातानं मांडी दाबून तो पाऊल टाकायचा. पेणला स्टँडाजवळ त्याचं शिलाईचं दुकान. मशीनला मोटर बसवलेली, त्यामुळे कामाला पायाची अडचण नव्हती.

यंदा फेब्रुवारीत प्रविण दुकानात आला. प्रविण नागोठण्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा, आणि गावचं नाटक दरवर्षी तोच लिहायचा, तोच बसवायचा.

"जगन, यंदा तू स्टेजवर. व्हिलन भिवाजी!"

जगनच्या हातातली कात्री कापडावरच थांबली. "मी?"

"मग? भिवाजी लंगडाच हाय. दुसऱ्या कुणाला घेतला तर त्याला लंगडायला शिकवावा लागंल. तुझं कसं, तयारच हाय."

प्रविणच्या मनात वाईट काही नव्हतं, हे जगनला कळत होतं. अठरा वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं. तो हो म्हणाला. घरी जाऊन बायकोला, अनिताला, सांगताना त्याचा आवाजसुद्धा आनंदानं चढला होता.

तालमी शाळेच्या पडवीत सुरू झाल्या. भिवाजी पहिल्या अंकात भावाची जमीन लाटतो, दुसऱ्यात सुनेला छळतो. तिसऱ्या अंकात सून सगळ्यांसमोर त्याला म्हणते, "देवानं तुझा पाय उगाच नाय घेतला!" तालमीला बसलेली पोरंटोरं या वाक्याला टाळ्या पिटायची. जगन मान खाली घालून उभा राहायचा. भूमिकाच तशी होती. पण ते वाक्य घरी पोचेपर्यंत डोक्यातून जायचं नाही.

नऊ वर्षांची दिपिका, त्याची मुलगी, तालीम बघायला यायची. एका रविवारी सकाळी अंगणात वाल सोलताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही काय केलेलं?"

"कधी गो?"

"लहानपणी. देवानं तुमचा पाय का घेतला?"

"देवानं नाय, तापानं गेला," एवढंच जगन म्हणाला. दिपिकानं मान डोलावली, पण ती त्याच्या पायाकडे बघत राहिली. असं ती आधी कधी बघत नव्हती.

त्यानंतर आठवडाभर जगनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका शर्टाला त्यानं दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. प्रयोगाला सगळं गाव येणार, दिपिकाची शाळा येणार. ती पोरं तिला काय म्हणतील? भिवाजीची पोर? आता नाही म्हणावं तर प्रविण तोंडघशी पडणार, आणि पुन्हा कुणी विचारायचंही नाही.

शेवटी त्यानं प्रविणला गाठलं. "त्यो पाय काढ नाटकातून."

"येडा झालास काय? टाळीचं वाक्य हाय ते."

"मग टाळी घे तू. पण माझ्या पोरीनं काय विचारला, त्याचं उत्तरपण तूच दे." आणि दिपिकाचा प्रश्न त्यानं जसाच्या तसा सांगितला.

प्रविण नाटकाची वही चाळत म्हणाला, "सगळ्या सिनेमात असाच असतो रे व्हिलन. एक डोळा नाय, नायतर पाय नाय. मी काय वेगळा लिवला?"

"म्हनूनच सांगतो. मला भिवाजी नको. सुनेचा बाप दे."

"लोक विचारतील, बाप लंगडा का?"

"माझ्या पोरीनं नाटकाआधी कधी विचारला नव्हता," जगन म्हणाला.

दोन दिवसांनी प्रविणचा फोन आला. बापाची भूमिका जगनला, भिवाजीची निकेशला. भिवाजी आता धडधाकट चालणार होता आणि ते वाक्य गेलं होतं. प्रविणच्या आवाजात नाराजी होती. प्रॉम्प्टिंगला दुसरं कुणी मिळेना, तेव्हा वही अनितानं घेतली.

जगनची काळजी मात्र दुप्पट झाली. व्हिलनला लोक हसले तर चालतं, बापाला हसले तर सगळा प्रवेशच गेला. तो अनिताला रोज तेच विचारायचा, "हसतील काय गो?" आणि ती रोज म्हणायची, "मला काय म्हाईत? पाठ करा तुम्ही."

हनुमान जयंतीला संध्याकाळी पालखी देवळात परतली आणि पडदा उघडला. जगननं मांडी दाबत स्टेजवर पाऊल टाकलं. मागच्या बाजूनं शिट्टी आली. कुणीतरी त्याच्या चालीला ताल धरून टाळ्या वाजवल्या, हशा पिकला. जगनच्या डोक्यातून सगळी वाक्यं पुसून गेली. अठरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सांगणारा माणूस समोर नुसता बघत उभा राहिला.

"पोरी, पाणी दे आधी," विंगेतून अनिताचा आवाज आला. मग जरा चिडून, "पोरी, पानी!"

"पोरी, पाणी दे आधी," जगन म्हणाला. तांब्या हातात आला, घोट घेतला, आणि पुढचं वाक्य आपोआप निघालं. हशा लगेच थांबला नाही. पोरं अधूनमधून शिट्ट्या मारत होतीच. पण तिसऱ्या अंकात लेकीला माघारी न्यायला बाप भिवाजीच्या दारात उभा राहिला, तेव्हा पुढे बसलेल्या बायकांनी मागे वळून पोरांना दटावलं. म्हातारी काशीबाई तर मोठ्यानंच म्हणाली, "ने रे तिला, ने!"

नाटक संपल्यावर मतं दोन्ही बाजूंनी पडली. काहींनी पाठ थोपटली. भिवाजी लंगडा असता तर जास्त रंगला असता, असंही तालीम बघितलेल्या दोघातिघांनी ऐकवलं. पुढच्या वर्षाचं प्रविण काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पेणच्या एसटीत शेजारच्या वाडीतला एक अनोळखी म्हातारा जगनच्या बाजूला येऊन बसला. बराच वेळ निरखून झाल्यावर म्हणाला, "काल तूच ना त्या पोरीचा बाप? आधी चौकशी न करता दिलीस कशी असल्या घरात?"

जगन गडबडला. मग म्हणाला, "चूक झाली खरी. पोरगा बरा दिसला वो." आणि स्थळ कसं आलं, बैठकीला कोण कोण होतं, हे नाटकात नसलेलं सगळं तो पेण येईपर्यंत म्हाताऱ्याला समजावत राहिला.