मोघ्यांची गुप्त नोकरी

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. दोन-चार शब्द माझे असतील, पण ते खऱ्यापेक्षा जास्त खरे वाटतील! आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रोज संध्याकाळी कॅरम चालायचा. दर महिन्याला एक सोंगटी हरवायची आणि एक किस्सा वाढायचा. त्यातले निम्मे एकट्या मोघ्यांचे.

*

नव्वदनंतरची गोष्ट. मोघ्यांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडलेली. पेपरात जाहिरात आली: 'गुप्त ग्राहक पाहिजेत. दुकानात जा, खरेदी करा, रिपोर्ट पाठवा. भरपूर पगार.' पत्ता म्हणजे नुसता पोस्ट बॉक्स नंबर. मुलाखत नाही, उलट रजिस्ट्रेशन फी दोनशे!

बँकेत क्लार्क असलेला आमचा पाटील म्हणाला, "मोघे, नोकरी देनारा कधी पैसं मागतो काय?"

"मोठ्या कंपन्यांची पद्धत असते ती!" म्हणत मोघे मनीऑर्डर करून आलेसुद्धा.

*

पहिली कामगिरी नाक्यावरच्या हॉटेलात. गुप्तता पाळायची म्हणून मोघे काळा गॉगल लावून गेले.

वेटर म्हणाला, "मोघेकाका, डोळे आले वाटतं? मिसळ कमी तिखट आणू?"

रिपोर्टात मोघ्यांनी लिहिलं: 'ग्राहकाच्या प्रकृतीची चौकशी उत्तम.'

*

दुसरी कामगिरी कल्याणच्या साडीच्या दुकानात. सेल्समनची सहनशक्ती तपासायची होती. मोघ्यांनी चाळीस साड्या उलगडायला लावल्या. तो हसतमुखाने एक्केचाळिसावी उलगडू लागला, तेव्हा मोघेच ओशाळले आणि दोन घेऊन आले.

वहिनी म्हणाल्या, "अहो, ही नोकरी सोडू नका हं!"

*

मग कंपनीकडून पाच हजारांचा चेक आला. सोबत पत्र: 'हजार तुमचा पगार. चार हजारांचा ड्राफ्ट काढून आजच आम्हाला पाठवा, बँकेची सेवा तपासायची आहे. कुणाला सांगू नका.'

मोघ्यांच्या खात्यात स्वतःचे चार हजारच उरलेले. तेही लेकीच्या कॉलेजच्या फीचे.

"चेक वटू दे, मंग ड्राफ्ट काढा," बँकेच्या काउंटरवरून पाटील म्हणाला.

"अरे, पत्रात 'आजच' लिहिलंय!"

"असं काय? मंग सही करा... छ्या! सही जुळत नाय तुमची. उद्या या."

सही आठ दिवस जुळली नाही! मोघ्यांनी रिपोर्टात पाटीलला नम्रतेसाठी शून्य मार्क दिले.

नवव्या दिवशी चेक न वटता परत आला.

मोघे कॅरमला आले, पण खेळले नाहीत. घरी जाऊन त्यांनी कंपनीचाच रिपोर्ट कंपनीला धाडला: 'आपल्या चेकची सेवा असमाधानकारक. पत्रातली भाषा सभ्य. दहापैकी चार.'

उत्तर आलं: 'सूचनेबद्दल आभार. पुढच्या वेळी सुधारणा करू.'

*

बरं, हे उत्तर मी रचलेलं आहे. खऱ्या पत्रात आभारबिभार काही नव्हते. कडक तपासणीवर खूश होऊन त्यांनी मोघ्यांना मॅनेजर केलं होतं. सोबत दहा हजारांचा नवा चेक!

"फाडा तो!" आम्ही सगळे ओरडलो.

मोघे दोन दिवस विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकदम नाही कसं म्हणू? माझ्या हाताखालच्या माणसांचं काय होईल?"